नाशकात बांधलेली ८.६ किलोची मोरपंखी ग्रॅव्हल बाईक: पार्ट्स, पेंट आणि खर्चाचा रिव्ह्यू

आधी वजन सांगून टाकतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. पेडल, दोन बॉटल केज आणि टायरमधलं सीलंट (पंक्चर बुजवणारं द्रव) धरून ८.६ किलो. पेडल काढून, टायर कोरडे ठेवून काट्याचा फोटो टाकणारे भरपूर आहेत, त्यांची ती बाईक रस्त्यावर तशी कधी चालतच नाही, म्हणून मी चालवतो तशीच काट्याला टांगली. रोडवाल्यांना हे जड वाटेल, त्यांच्याकडे रेससाठी यूसीआयची, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची, कमीत कमी मर्यादाच ६.८ किलोची आहे, पण ४० एमएमचे टायर, हायड्रॉलिक डिस्क आणि मागं ताटाएवढी कॅसेट (गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच) घेऊन ८.६ म्हणजे माझ्या मते बस झालं. याच्या खाली जायचं तर प्रत्येक १०० ग्रॅमला जे पैसे मोजावे लागतात त्यात एक बरी सायकल येते.

रिव्ह्यू एका कंपनीच्या बाईकचा नाहीये, सुटे भाग जमवून बांधलेल्या बाईकचा आहे, आणि त्यातला अर्धा तरी पेंटिंगचा आहे कारण त्याबद्दल मला शोधूनही कुठं नीट माहिती मिळाली नव्हती. पेंटर काकांचं नाव-नंबर टाकत नाही. त्यांनीच सांगितलंय, सायकलवाले काम एकाचं देतात आणि चौकशीचे फोन दहा करतात, त्यात गाड्यांची कामं राहतात.

ग्रॅव्हलच का, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीवर चालणारी बाईकच का, हे नाशिकबाहेरच्यांसाठी दोन ओळीत. इथं सायकलचं वेड जुनं आहे, २०१५ ला डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या आपल्या नाशिकच्या भावांनी दोघांची टीम करून रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली, ४८०० किलोमीटरच्या आसपासचा प्रकार आहे तो, आणि त्यानंतर गंगापूर रोडवर पहाटे जी रोड बाईकची गर्दी वाढली ती वाढलीच. पण रोड बाईकची मजा आहे ती त्र्यंबक रोडला आणि हायवेला. खरं नाशिक सुरू होतं डांबर सोडल्यावर. दुगाव-गिरणाऱ्याकडून काश्यपी धरणाच्या बाजूला वळलात, की मखमलाबाद-मातोरी-मुंगसऱ्याच्या द्राक्षबागांमधून घुसलात, की कालव्याची कड धरली, तिथं रोड बाईकचा २८ एमएमचा टायर म्हणजे दर थोड्या वेळानं पंक्चर नाहीतर मनगटांचा भुगा. आणि एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, घेऊन जावं तर बागेपर्यंत पोचायलाच जो डांबरी रस्ता आहे त्यावर ते १३-१४ किलोचं धूड ओढताना जीव जातो. ग्रॅव्हल म्हणलं की तिकडं अमेरिकेत कॅन्ससचे चकमकीच्या दगडांचे रस्ते डोळ्यापुढं येतात, अनबाउंड नावाची २०० मैलांची रेस तिथंच होते, आपल्याकडं त्याला पाणंद म्हणतात, शिवरस्ता म्हणतात, आणि तो पावसाळ्यात वेगळा आणि उन्हाळ्यात वेगळा असतो. हे शेवटचं लक्षात ठेवा, सगळी निवड त्यावरच ठरली.

फ्रेम. कार्बन घेतली, ओपन मोल्ड, म्हणजे कुठल्याच मोठ्या ब्रँडचं नाव नसलेली, बिनरंगाची, वरून फक्त पातळ मॅट क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर, मारलेली. ऑनलाइन विकणाऱ्यानं वजन १०२० ग्रॅम लिहिलं होतं, हातात आली ती ११४० ची. विचारलं तर उत्तर आलं की तो आकडा सर्वात छोट्या साइजचा, तेही गिअर टांगायचा हँगर आणि बोल्ट न धरता. अरे मग तसं लिहा ना भाऊ. कस्टममध्ये अडकली ते वेगळंच, ड्युटी धरून जो आकडा झाला तो मनात धरला होता त्याच्या बराच वर गेला. हे सगळं असूनही फ्रेम स्वतः चांगली निघाली, बीबी शेलच्या (बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पेडलचा दांडा ज्यात फिरतो ते बेअरिंग) आत फ्लॅशलाइट मारून पाहिलं तर आतलं काम साफ होतं, कुठं सुरकुती नाही, फोमचे तुकडे राहिलेले नाहीत. नाव नसलेल्या फ्रेममध्ये एवढं तपासायचंच, बाहेरून सगळ्या सारख्याच काळ्या दिसतात.

फ्रेम निवडताना वजनापेक्षा दोन गोष्टींवर मी अडून बसलो होतो. एक, बीबी थ्रेडवाला पाहिजे, प्रेसफिट, म्हणजे दाबून बसवलेला, नको. नाशकात चार महिने पाऊस आणि बाकीचे महिने मुरुमाची धूळ, प्रेसफिटमध्ये ती बारीक धूळ शिरली की प्रत्येक पेडलला कुईकुई चालू, आणि मग दुकानात जाऊन ठोकून काढायचं. आट्यांचा बीबी स्पॅनरनं घरी निघतो, पुसला, ग्रीस लावलं, परत बसवला, विषय संपला. दुसरं, ब्रेकचे होज (तेलाच्या नळ्या) आणि गिअर केबल हेडसेटच्या, म्हणजे हँडल फिरतं तिथल्या, बेअरिंगमधून जाणारे नकोत. हल्ली ती फॅशन आहे, समोरून एकही वायर दिसत नाही, दिसायला झकास, पण वरचं बेअरिंग गंजलं की ते बदलायला ब्रेकचा होज सोडवा, तेल काढा, परत ब्लीड करा, म्हणजे तेल भरून आतली हवा काढा. बेअरिंग दोनशे-तीनशे रुपयांचं आणि मजुरी त्याच्या चौपट. माझ्या फ्रेममध्ये होज डाउनट्यूबच्या (खालच्या तिरक्या नळीच्या) भोकातून आत जातात, हँडलपुढं वायरी दिसतात, दिसू देत.

ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा संच, शिमानो जीआरएक्स, १२ स्पीडवाला आरएक्स ८२०, पुढं पेडलपाशी एकच ४० दातांची चेनरिंग. जीआरएक्स २०१९ ला आला तेव्हा ११ स्पीड होता, २०२३ मध्ये १२ झाला, आणि एकच चेनरिंग ठेवणाऱ्यांना खरा फायदा त्यातच झाला कारण आता मागं सरळ एमटीबीची १०-४५ किंवा १०-५१ (सर्वात लहान आणि सर्वात मोठ्या चकतीचे दाते) कॅसेट बसते. या दोघींमध्ये लोक फार गोंधळतात. एक गोष्ट बघा, १० पासून २८ पर्यंतचे दाते दोन्हीत अगदी सारखेच आहेत, १०, १२, १४, १६, १८, २१, २४, २८. फरक त्याच्या वर चालू होतो, एकीत ३२, ३६, ४०, ४५ आणि दुसरीत ३३, ३९, ४५, ५१. म्हणजे सपाटीवर जे गिअर तुम्ही दिवसभर वापरता तिथं १०-५१ घेतली म्हणून काही बिघडत नाही, चढाला मात्र जास्तीची सोय होते. वजनातही फार फरक नाही, शिमानोच्याच एक्सटी मालिकेतली १०-५१ सुमारे ४७० ग्रॅमची आहे. मी तीच घेतली. वाघेरा घाटात किंवा गडावर, म्हणजे सप्तशृंगीच्या घाटात, ४० ला ५१ लावलं की गुडघे दुवा देतात. फक्त एवढं बघा की ५१ साठी मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) लांब केजचा, एसजीएसवाला लागतो, आखूड केजचा जीएसवाला ४५ पर्यंतच. दुकानदार स्टॉकमध्ये आहे ते चिकटवून द्यायला बघतात.

टॉप गिअर कमी पडेल का, हा प्रश्न सायकलवाल्यांच्या ग्रुपवरच्या प्रत्येकानं विचारला. ४०-१० ला ९० च्या केडन्सनं, म्हणजे मिनिटाला ९० वेळा पेडल फिरवून, ताशी ४७ च्या आसपास जातं. मला सपाटीला ४७ नं जायचंय कुठं? उतारावर पेडल मारायचं बंद करायचं आणि ब्रेकवर बोट ठेवायचं.

ब्रेकबद्दल तक्रार नाही, उलट ही सगळ्यात आवडलेली गोष्ट. लिव्हरचा आकार ड्रॉपमध्ये, म्हणजे हँडलच्या खालच्या वळणावर, हात असताना एका बोटानं दाबता येईल असा आहे आणि हुडवर, म्हणजे लिव्हरच्या वरच्या मुठीवर, रबराला रेघा आहेत त्यामुळं घामेजलेला हात सटकत नाही. मिनरल ऑइल असल्यामुळं पेंटवर सांडलं तरी लगेच पुसून घेतलं की बास, काही ब्रेकमध्ये असतं त्या डॉट फ्लुइडसारखं रंग खात नाही, कस्टम पेंट करणाऱ्यांनी हा मुद्दा धरूनच चालावं. गिअरचा क्लच (चेन ताणून धरणारा) मात्र नव्यात फार कडक वाटला, लिव्हर दाबायला जोर लागतो, महिनाभर वापरल्यावर सवय झाली की तो सैल झाला ते सांगता येत नाही.

आता चाकं, आणि इथंच खरे पैसे घालायचे, फ्रेममध्ये नाही. कार्बन रिम, आतून २५ एमएम रुंद, पुढं २४ मागं २८ स्पोक, जोडी १४८० ग्रॅम. रिम आणि हब वेगवेगळे मागवले आणि विणून घेतले आपल्या नाशिकच्याच एका मेकॅनिककडून, जुने आहेत, दुकान म्हणजे बोळातला एक गाळा आहे, पण स्पोक टेन्शन मीटर त्यांच्याकडं आहे आणि ते तो वापरतातही. मी स्पोक रिमला आवळणारे अ‍ॅल्युमिनिअमचे निपल आणले होते, हलके म्हणून. त्यांनी ते हातात घेऊन परत माझ्या हातात दिले. "पावसात चालवणार ना? मग पितळी आणा. दोन वर्षांनी चाक ट्रू करायला याल तेव्हा हे चावीत गोल होतील, मग मला शिव्या घालाल." ५२ निपलचा फरक होतो साधारण ३० ग्रॅम. पितळी आणले. मजुरी त्यांनी जी घेतली ती सांगायला लाज वाटते इतकी कमी होती, मी वर पैसे द्यायला गेलो तर चहा सांगितला. ह्या माणसाला पाचपैकी पाच.

टायर ७००×४०, मध्ये बारीक नक्षी आणि कडेला गुटके असलेले, एक ४८० ग्रॅमच्या आसपास. ट्यूबलेस. यात नाशिककरांनी दुसरा विचार करूच नये, बाभळीचे काटे आणि शेताच्या कडेचा सराटा, या दोघांपुढं ट्यूब टिकत नाही. शिवाय साधी ब्युटिल ट्यूब या साइजला १८०-२०० ग्रॅमची येते, सीलंट टाकूनही चाकामागं शंभरेक ग्रॅम वाचतात आणि ते फिरणाऱ्या वजनातले. सीलंट एप्रिल-मेच्या उन्हात फार लवकर सुकतं, बाटलीवर लिहिलंय त्याच्या अर्ध्या वेळात बघा, वॉल्व्ह काढून आत काडी घातली की कळतं. हवा मी ७२ किलोचा, पुढं ३१ मागं ३४ पीएसआय ठेवतो. रिम हूकलेस आहे, म्हणजे टायरची कड अडकवायला आत हूक नाही, तिला कमाल ५ बार म्हणजे ७२ पीएसआयच चालतं, पंपावर लहान पोरानं हौसेनं ८० मारली तर टायर उडू शकतो, त्यामुळं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय की बाबाच्या सायकलला हवा बाबाच भरणार.

काळी माती ओली असताना जाऊच नका, कितीही भारी टायर असू देत. फ्रेममध्ये ४५ ची जागा आहे, मी मुद्दाम ४० घातला, तरी एका पावसानंतर मातोरीच्या पुढं चेनस्टे (मागच्या चाकालगतची फ्रेमची नळी) आणि टायरच्या मधे चिखल इतका बसला की चाक फिरायचं बंद. वर ती माती रंगाला पॉलिश पेपरसारखी घासते. मुरूम चालतो, खडी चालते, काळी माती नाही.

तर पेंट. आधी दुकानांमध्ये विचारलं, तिथं दोनच उत्तरं, पावडर कोटिंग करा नाहीतर पुण्या-मुंबईला पाठवा. पावडर कोटिंग आपल्या सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत गल्लोगल्ली होतं आणि स्वस्त होतं, पण ते कार्बनला चालत नाही हे लिहून ठेवा. ती पावडर वितळून पसरायला भट्टीत १८०-२०० डिग्रीला भाजावी लागते आणि कार्बनमधलं इपॉक्सी तेवढ्या तापात मऊ पडतं, फ्रेम कामातून गेलीच. स्टीलच्या फ्रेमला बिनधास्त करा, फार टिकतं, फक्त थर जाड बसतो. कार्बनला गाडीचाच रंग पाहिजे, टू-के, म्हणजे हार्डनर घालून मारायचा, जो बूथमध्ये ६० डिग्रीला सुकतो.

आणि गाडीच्या रंगाला नाशकात माणसं नाहीत असं होईल का? महिंद्रा आहे, बॉश आहे जिला जुने लोक अजून मायकोच म्हणतात, त्यांच्या मागं सप्लायरची रांग आहे, निम्मं सातपूर आयुष्यभर लोखंडाला काहीतरी करतच आलंय. एका मित्राच्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग जिथं झालं होतं तिथं मी फ्रेम घेऊन गेलो. काकांनी ती उचलली आणि उचलताना जरा दचकले, कारण हाताला वजनच नाही.

"हे काय, फायबर आहे का?"

"कार्बन फायबर आहे काका."

"म्हणजे बंपरच."

मग बोटाच्या पेरानं ट्यूबवर टकटक करून पाहिलं, मधे पातळ, जोडापाशी जाड, आणि म्हणाले, "ह्याला मशीन नाही लावायचं. हातानं घासू. पुट्टी नाही, काही नाही." मी न सांगता हे बोलले तिथंच काम त्यांना द्यायचं ठरलं. इंटरनेटवर वाचून गेलेलं माझं सगळं ज्ञान खिशातच राहिलं.

घासणं हे अख्ख्या कामातलं सगळ्यात नाजूक आहे. ६०० नंबरचा पेपर पाण्यात बुडवून, लाकडी ठोकळा न लावता, नुसत्या बोटांनी. मी अर्धा दिवस तिथं बसलो होतो. पाणी पांढरट निघतंय तोवर फक्त वरचं क्लिअर निघतंय, पाण्याला काळा रंग आला की थांबायचं, कारण आता कार्बन घासला जायला लागला. काका दर दोन-चार हातांनी पाणी अंगठ्यानं पुसून कपड्यावर बघायचे. त्यांचा पोरगा हेडट्यूबच्या कडेला जरा जोरात घासायला लागला तर त्याला एक शिवी बसली, कारण कडेवर थर सगळ्यात पातळ असतो आणि तिथंच पहिल्यांदा काळं येतं. रंग काढायचं केमिकल मात्र कार्बनला कधी लावू देऊ नका, कुणी कितीही म्हणो की पाच मिनिटांत साफ होतं.

रंग काय, तर पैठणी. येवला आपल्याच जिल्ह्यात आणि घरात बायकोची एक मोरपंखी पैठणी आहे, उजेडात हिरवी आणि घडी पडली की जांभळी-निळी, उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असला की ते होतं. गाडीच्या रंगात तोच प्रकार कलर शिफ्ट पर्लनं येतो, आणि तो उठून दिसायला खाली काळा बेस लागतो. कार्बन आधीच काळा आहे म्हणून बेस वाचेल असं मला वाटत होतं, काका म्हणाले कार्बन काळा नसतो, करडा असतो, उन्हात धर मग कळेल. तर आधी इपॉक्सी प्रायमरचा पातळ हात, मग काळा, मग पर्लचे तीन हलके हात, मग काठ, मग क्लिअर.

काठ म्हणजे नारळी काठ, ते त्रिकोण असतात ना साडीच्या कडेला ओळीनं, तसे टॉपट्यूबच्या (वरच्या आडव्या नळीच्या) दोन्ही बाजूंनी सोनेरी. हे हातानं काढणं शक्यच नव्हतं. शालिमारच्या बाजूला जे रेडियमवाले बसतात, गाडीवर 'आई' आणि 'दादा' कापून देणारे, त्यांच्यापैकी एकाकडं फाइल घेऊन गेलो. टॉपट्यूब मागं निमुळती होत जाते, त्यामुळं एकाच मापाचे त्रिकोण पुढं विरळ आणि मागं दाट दिसले असते, त्यानं स्वतःच तीन मापं कापून दिली. काकांनी ते स्टेन्सिल चिकटवलं, सोनेरी मारला आणि रंग पूर्ण सुकायच्या आत, जरा ओलसर असतानाच, नखानं एकेक पट्टी मागं मोडून सोलली. पूर्ण सुकल्यावर सोललं तर कड फाटते म्हणे. एकूण एक त्रिकोणाचं टोक धारदार आलंय, मी भिंग घेऊन पाहिलंय. ही गोष्ट तुम्हाला छापील स्टिकरमध्ये मिळणार नाही, कारण वर क्लिअरचे दोन हात आहेत आणि बोट फिरवलं तर सोनेरीची पायरी लागतच नाही.

आता काय सांगायला लागतं ते. गाडीच्या पेंटरला बॉडीची सवय असते, सायकलला कुठं रंग नको हे त्याला माहीत नसतं. बीबीच्या आट्या, हेडसेटचं बेअरिंग बसतं ती जागा, थ्रू अ‍ॅक्सलच्या आट्या, डिरेलर हँगरची खाच, आणि डिस्क ब्रेकचा कॅलिपर बसतो तो सपाट भाग. या शेवटच्यावर रंगाचा थर बसला तर कॅलिपर तिरका बसतो आणि रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, आयुष्यभर खर्र-खर्र करतो. मी जुने बीबी कप आणि अ‍ॅक्सल घालूनच फ्रेम दिली आणि बाकी जागांवर मास्किंग टेप लावून वर पेननं 'रंग नको' लिहिलं. तरी सीट ट्यूबच्या आत वरच्या दोन इंचात ओव्हरस्प्रे गेला होता आणि सीटपोस्ट जाईना, ती जागा मला घरी पेपर गुंडाळून साफ करावी लागली. बीबीच्या खाली एका जागी क्लिअर ओघळलाय, उलटी केल्याशिवाय दिसत नाही, पण आहे.

मोठी तक्रार तारखेची. गणपतीनंतर देतो म्हणाले आणि दसऱ्यापर्यंत ताणलं, कारण दसऱ्याला प्रत्येकाला गाडी चकाचक पाहिजे असते आणि माझी सायकल खुंटीला. अर्थात त्यातला थोडा उशीर बरोबर होता, पावसाळी हवेत क्लिअर मारलं तर दमटपणानं ते दुधाळ पडतं, आणि काका पावसाच्या दिवशी क्लिअर मारायला सरळ नाही म्हणाले. तुम्हाला करायचं असेल तर दिवाळी झाल्यावर द्या, हवा कोरडी आणि काका मोकळे. मिळाल्यावर पण घाई करू नका, क्लिअर वरून कडक वाटतं पण पूर्ण पक्कं व्हायला तीन-चार आठवडे लागतात, तोवर वॅक्स नाही, पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) नाही, आणि स्टँडला फ्रेमला धरून तर मुळीच लटकवू नका, सीटपोस्टलाच धरायचं.

पेंटचं वजन किती? फ्रेम आणि फोर्क मिळून ९० ग्रॅम वाढले. ग्रुपवर एकानं लगेच टोमणा मारला की निपलपासून काटकसर आणि मग ९० ग्रॅम रंग फासला. तर हो, फासला. ९० ग्रॅम म्हणजे बाटलीतले चार घोट पाणी. नुसत्या ट्यूब काढल्यानं त्याच्यापेक्षा जास्त वाचलंय आणि ते चाकातलं वाचलंय, जिथं प्रत्येक वेळी वेग घेताना कळतं. हलकेपणा कुठं कमवायचा आणि कुठं उधळायचा हे ठरवता येतं म्हणून तर माणूस बाईक बांधतो, नाहीतर शोरूममधली तयार काय वाईट आहे.

जुळणी वर्कशॉपमध्ये करून घेतली, ब्रेक ब्लीड आणि गिअर त्यांनी लावले, ठीक काम, विशेष काही नाही. एकच सांगतो, कार्बनवर कार्बन येतो तिथं, सीटपोस्ट आणि हँडलला, ग्रीस नाही तर कार्बन पेस्ट लावायची आणि टॉर्क रेंचनं ५ एनएम. तिथल्या पोराचा हात नुसत्या अ‍ॅलन कीनं आवळायला निघाला होता, मी रेंच पुढं केला. वाईट वाटून घेतलं नाही त्यानं, पण पुढच्या गिऱ्हाइकाला तो वापरेल की नाही देव जाणे.

चालवायला कशी? डांबरावर रोड बाईकच्या ग्रुपमागं आरामात चिकटून राहते, पुढं निघून जात नाही. मुरुमावर आणि द्राक्षबागांच्या रस्त्यांवर मात्र राज्य आहे. हँडल खाली जाताना बाहेर पसरणारं आहे, उतारावर खडीत पुढचं चाक इकडं-तिकडं व्हायला लागलं की त्याचा आधार वाटतो. वजन कमी असल्याचा खरा फायदा मला चढापेक्षा उचलताना झाला, कालव्याच्या कडेला मधेच पाट फुटलेला असतो, तारेचं कुंपण असतं, तिथं खांद्यावर मारायची आणि पलीकडं. खडी उडून डाउनट्यूबला ठक-ठक लागतेच, तिथं गाडीवाल्यांचं पारदर्शक पीपीएफ लावलंय, अजून तरी एकही टवका नाही. चेनस्टेवर जिथं फिल्म पुरली नाही तिथं एक बारीक ओरखडा आलाय.

खर्च विचारणार, तर पेंटचे ११ हजार मटेरिअलसकट आणि रेडियमवाल्याचे ६००. अख्खी बाईक सव्वादोन लाखांच्या आसपास गेली, त्यात सगळ्यात मोठा वाटा ग्रुपसेटचा, मग ड्युटी धरून फ्रेम, मग चाकं. याच पैशात ब्रँडेड कार्बन ग्रॅव्हल मिळते, पण वजनानं किलोभर जास्त आणि रंग कंपनी देईल तो. पेंटिंगला माझ्याकडून पाचपैकी चार, एक मार्क तारखेचा आणि ओघळलेल्या क्लिअरचा कापला. फ्रेम विकणाऱ्याला अडीच. आणि पेंट करून घेतलात तर निघताना उरलेला पर्ल आणि सोनेरी छोट्या बाटलीत, हार्डनर न घालता, मागून घ्या. हार्डनर घातलेला दुसऱ्या दिवशी दगड होतो, आणि कलर शिफ्टची तीच शेड वर्षभरानं परत जुळवून मिळत नाही असं काकाच म्हणाले.